साळू कुणाच्या हातचं प्यायची

कुशाबाचं औषधाचं टिपाड मी लाथ घालून पालथं केलं. टोमॅटोवर मारायचं औषध होतं. दोनशे लिटरचं टिपाड, विहिरीच्या कडेला ठेवलेलं. पांढरं पाणी दंडातून वाहत गेलं आणि जांभळीच्या बुडात मुरलं. त्याचा वास दोन दिवस नाकातून गेला नाही.

कुशाबा माझा चुलत भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पाठीवर फवारणीचा पंप तसाच घेऊन तो उभा राहिला.

"भिमा, डोकं फिरलं का तुझं?"

"हिरीच्या काठाला इख कालवतोस आन् वर मलाच इचारतोस?"

"आरं, कवापासनं हितंच कालवतोय. तू बी हितंच कालवतोस. काल तुझं टिपाड व्हतं की हितं."

ते खरं होतं. आदल्या दिवशी मीच तिथं उभा राहून काठीनं औषध ढवळलं होतं. पण त्या दिवशी मी खरं-खोटं बघायला गेलोच नव्हतो.

कुशाबाची बायको बयाबाई खुरपं टाकून धावत आली. "भाऊजी, काय झालं ते नीट सांगा. साळू काय बोलली का?"

"साळूचं नाव घेऊ नका, वहिनी."

तिनं आमच्या घराकडं बघितलं. माझी बायको साळू दारात उभी होती. थोरला दीर समोर असला की ती डोक्यावरचा पदर पुढं ओढायची. त्या दिवशी ओढला नाही. ती नुसती बघत होती. तिच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी समाधान दिसलं, आणि मला वाटलं, आपण चांगलं काम केलं.

ही सत्याण्णव सालची गोष्ट. वारूळवाडीच्या शिवारात आमची वस्ती, दोनच घरं, बांधाला बांध. विहीर आजोबांनी खांदलेली, सामाईक. मोटर एकच. चार दिवस त्यांची पाळी, चार दिवस आमची. पाळीवरून तोवर कधी शब्द वाढला नव्हता.

साळूचं बिनसलं ते आमची हर्षाली लग्न होऊन पेठला गेली त्यानंतर. घरात दोघंच राहिलो. एक दिवस ती म्हणाली, "माठावरचं झाकण कुणीतरी फिरवलंय." मी म्हणालो, मांजर असेल. चार दिवसांनी म्हणाली, "मांजर झाकण उचलून परत ठेवतं का?" मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

मग बयाबाईनं तांबडं लुगडं वाळत घातलं की साळू दार लावून घ्यायची. म्हणायची, आज त्यांचा काहीतरी बेत आहे, लुगडं ही खूण आहे. रस्त्यावरून एसटी गेली आणि हॉर्न वाजला की मोजायची. शनिवारी नारायणगावच्या बाजाराला गेलो तर अर्ध्या बाजारातून मला ओढत बाहेर काढलं.

"त्या भाजीवालीनं माझ्याकडं बघून मान हलवली."

"अगं, गिऱ्हाईक बोलावतीय ती."

"मग मलाच का?"

"सगळ्यांनाच बोलावतीय."

"तुमाला दिसत न्हाई. तुमी भोळे."

मी समजावत राहिलो. एक गोष्ट खोडून काढली की ती दोन नव्या पुढं ठेवायची, आणि त्या पहिलीपेक्षा पक्क्या असायच्या. रात्री झोप नाही, दिवसा बूड टेकत नाही. भाकरी थापता थापता उठायची आणि कणगीच्या मागं बघून यायची. तिच्या मागं फिरून फिरून मलाही एका जागी बसवेना. रानात असलो तरी कान घराकडं.

माझी बहीण कोंडाबाई आली. म्हणाली, "दादा, हे बाहेरचं हाय." वर डोंगरात आहुप्याच्या वाटेला एक भगत होता, त्याच्याकडं आम्हाला घेऊन गेली. भगतानं पाण्यात तांदूळ सोडले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "लांबचं न्हाई. बांधाला बांध हाय. घरात थोरली जाऊ हाय."

आता कळतं. आमच्या मुलखात बांधाला भाऊबंद नाही असा माणूस दाखवा. पण तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. परतीच्या एसटीत साळू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. वर्षातली तिची ती पहिली गाढ झोप. कुणीतरी तिचं ऐकलं होतं. मला वाटलं, एवढ्यानं झोप येत असेल तर हेच खरं असलं पाहिजे.

तिथून पुढं मीही पाण्याचा वास घ्यायला लागलो. तांब्या तोंडाला लावायच्या आधी नाकाला लावायचो. आणि खरंच वास यायचा. फवारणीच्या दिवसात सगळ्या शिवारालाच तो वास असतो, हे तीस वर्षं शेती करूनही मी विसरलो. असं ते टिपाड मी पालथं केलं.

तेवढ्यावर थांबलो नाही. पाच माणसं बसवली आणि विहिरीतला हिस्सा सोडतो म्हणालो. धर्माजी आमच्यातले जाणते. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली.

"भिमाजी, पाळी वाढवून मागणारे लई बघितले. पाळी सोडणारा तूच पयला."

"मला ते पाणी नको."

"कारण सांगशील का न्हाई?"

मी कुशाबाकडं बघितलं. "त्यालाच इचारा."

कुशाबा बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मग म्हणाला, "त्याला जायचं तर जाऊ द्या. पर त्याची पाळी मी घ्यायचो न्हाई. त्याचे चार दिस मोटर बंद ऱ्हाईल."

मला वाटलं, बोलायला बोलला. पण पुढच्या उन्हाळ्यात त्याची टोमॅटो माना टाकत होती, विहिरीत पाणी दिसत होतं, आणि आमच्या चार दिवसांत त्यानं बटन दाबलं नाही. बांधावरून मला ते दिसायचं. मी तोंड फिरवायचो.

आम्ही बोर घेतली. दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं. चिखल उडाला, मशीनवाली पोरं ओरडली. साळूनं पहिल्या पाण्याला हळदकुंकू वाहिलं, ओंजळीनं प्याली, तोंडावरून हात फिरवला. "हे माझं पाणी," म्हणाली. बोरच्या तोंडाला लोखंडी झाकण बसवलं, झाकणाला कुलूप घातलं, किल्ली तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीत अडकवली. त्या दिवसांत ती जेवली, रानात आली, हर्षालीकडं पेठला जायचं म्हणाली.

बावीस दिवस. तेविसाव्या दिवशी तिनं तांब्या खाली ठेवला.

"याला बी वास मारतोय."

"साळे, बोरला कुलूप हाय. किल्ली तुझ्या गळ्यात हाय."

"वरनं कशाला घालतील? खालनं झिरपवतात. हीर कुठं हाय न् बोर कुठं हाय, बघा की. उतार कुणीकडं हाय?"

उतार बोरकडंच होता. तिनं सगळं बघून ठेवलं होतं. मी बोरच्या कट्ट्यावर बसलो तो उन्हं डोक्यावर येईपर्यंत उठलो नाही. हे पाण्याचं दुखणं नव्हतं. मी सात बोरी घेतल्या असत्या तरी ती आठवीचा उतार शोधणार होती. आणि ज्या घरची भाकर मी लहानपणापासून खाल्ली त्या घराशी मी वैर घेऊन बसलो होतो.

नारायणगावात लालचंद शेठचं किराणा दुकान आहे. माणूस मूळचा राजस्थानचा, पण त्याच्या आजोबांपासून सगळे इथंच. एक दिवस तो काटा बाजूला ठेवून म्हणाला, "भिमाजी, वर्ष झालं, तुम्ही सगळं पाकीटबंद नेता. सुटी डाळ तुम्हाला चालत नाही. माझ्या डाळीत खडे निघाले का?"

हसण्यावारी न्यायचं होतं, पण राहवलं नाही. सांगितलं सगळं. त्यानं गिऱ्हाइकाला थांबवलं, मला आत पोत्यांवर बसवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "माझ्या बायकोची, आमच्या उगमबाईंची, धाकटी बहीण. सासरचे जेवणात काही घालतात म्हणायची. चार वर्षं आम्ही देव केले. बाहेर कुणाला कळू दिलं नाही. ही चूक झाली. पुण्याला डॉक्टर आहेत, बाई आहेत. घेऊन जा. लाज धरू नका."

झोपेसाठी म्हणून साळू पुण्याला आली. ते खोटं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिला तासभर बोलू दिलं. लुगडं, हॉर्न, झाकण, उतार, सगळं. एकदाही हसल्या नाहीत, मान डोलावून हो पण म्हणाल्या नाहीत. नंतर मला एकट्याला आत घेतलं.

"तिला खोटं पाडायला जाऊ नका. आणि तिच्या बाजूनं भांडायलाही जाऊ नका."

"दोन्ही केलं म्या."

"सगळेच करतात."

"मग काय म्हणायचं?"

"म्हणा, मला तसं दिसत नाही, पण तू घाबरलीयस ते मला दिसतंय. तिची भीती खरी आहे, भिमाजी. साप नसला तरी घाम खराच येतो ना. रोज एक गोळी. आणि गोळी तिला सांगून द्या."

बाकीचं सगळं मी लक्षात ठेवलं. शेवटचं ठेवलं नाही. कारण घरी आल्यावर साळूनं पहिली गोळी शेणाच्या खड्ड्यात टाकली, दुसरी गाईच्या गव्हाणीत.

म्हणून मी चहा करायला लागलो. सकाळी तिच्या आधी उठायचो. कागदात गोळी ठेवून वाटीच्या बुडानं चुरायची आणि चहात सोडायची. आलं जास्त, गूळ जास्त. ती प्यायची. कारण अजूनही एकाच माणसाच्या हातचं ती बिनघोर घेत होती, आणि तो मी.

गोळी लागू पडली. महिन्याभरात झोप आली. एसटी गेली तरी हात थांबेना झाला. एकदा अंगण झाडताना ती गुणगुणत होती, ते मी ऐकलं आणि गोठ्यात जाऊन रडलो. मला वाटलं, जिंकलं आपण.

पण तीस वर्षांत ज्या बाप्यानं चुलीकडं बघितलं नाही तो रोज उठून चहा करतो, हे कुठल्या बाईच्या ध्यानात येणार नाही? एका सकाळी मी वाटी फिरवत होतो आणि मागून आवाज आला.

"काय चुरताय?"

ती उंबऱ्यात होती. हातात केरसुणी. मी कागद मुठीत धरला. "आलं," म्हणालो.

"आलं पांढरं असतंय?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. केरसुणी भिंतीला लावून ती बाहेर गेली आणि जांभळीखाली जाऊन बसली.

त्या दिवसापासून तिनं माझ्या हातचं सोडलं. स्वतःच्या हातचंही सोडलं, कारण पीठ मी दळून आणायचो. जे सालीत असतं तेवढंच खायची. शेंगा स्वतः उपटून, स्वतः फोडून. केळं. टरफलातलं अंडं. नारळ दगडावर स्वतः फोडायची आणि आतलं पाणी प्यायची. तहान भागायची नाही. दहा-बारा दिवसांत हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. हर्षाली पेठहून आली, तिनं पाया पडून ताट पुढं ठेवलं. साळू म्हणाली, "तुला बी त्यांनीच धाडलंय." पोरगी माझ्याकडं बघून म्हणाली, "आण्णा, आई मरंल अशानं."

मी रात्रंदिवस येरझाऱ्या घातल्या. काय सांगायचं तिला? कुणी तिच्या खाण्यात काही घालत नाही, हे मी दोन वर्षं सांगत होतो. आणि घालत होतो मीच. अख्ख्या गावानं तिला खोटं पाडलं होतं आणि मी तिला खरं करून दाखवलं होतं.

तेराव्या दिवशी सकाळी मी जांभळीखाली तिच्यापासून चार हातांवर बसलो.

"साळे, चहात गोळी मी घालत व्हतो."

ती शेंग फोडत होती. फोडत राहिली.

"कुशाबानं दिली?"

"न्हाई. डॉक्टरणीनं दिली. ती म्हणाली, सांगून द्या. म्या सांगितलं न्हाई. माझ्या डोक्यानं घातली."

"किती दिस?"

"सव्वा महिना."

"का?"

"तू झोपत नव्हतीस. मला बघवत नव्हतं."

तिनं हातातलं टरफल टाकलं. पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. राग होता, पण त्याच्या मागं काहीतरी सैल झालं होतं.

"इतकी वर्सं मी सांगतेय. समदी म्हणत्यात, तुला भास व्हतोय. एकजण तरी कबूल झाला."

मग मी खिशातून गोळ्यांची अख्खी पट्टी काढून आमच्या दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली. "ही बंद हाय. बघ. प्रत्येक गोळीला साल हाय. तूच फोडायची. न्हाई घेतलीस तरी मी चुरायचो न्हाई. हर्षालीची आण."

तिनं पट्टी उचलली, उन्हात धरली, मागून पुढून बघितली, नखानं चाचपली. त्या दिवशी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "डॉक्टरणीला मला इचारायचंय." पुन्हा पुण्याला गेलो. आत गेल्या गेल्या साळूनं विचारलं, "यांनी चहात घातली ते तुमी सांगितलं व्हतं?" बाई म्हणाल्या, "नाही. त्यांनी चूक केली." साळूनं माझ्याकडं असं बघितलं की मला त्या खुर्चीतही बसवेना. मग तिनं स्वतः पट्टी फोडली आणि बाईंच्या टेबलावरच्या तांब्यातलं पाणी मला आधी प्यायला लावून गोळी गिळली.

त्यापुढची सात वर्षं अशीच गेली. पाणी आधी मी प्यायचो, मग ती. गोळीनं तिचे हात कापायचे, अंग जड झालं. दोनदा तिनं गोळी सोडली आणि दोनदा सगळं परत आलं. कुशाबा-बयाबाईवरचा तिचा संशय कधी गेला नाही. फक्त तो मागच्या खोलीत जाऊन बसला. ती रानात काम करायची, नातवाला अंगावर खेळवायची. मी कुशाबाच्या घरी जाऊन पाया पडलो तेव्हा तो म्हणाला, "उठ. चहा घे." एवढंच. पण विहिरीच्या पाळीचं साळूला न सांगता काही करायचं नाही, हे मी त्याला सांगितलं आणि त्याला ते पटलं. बयाबाई सणाला पोळ्या पाठवायची. साळू त्या लिंबाच्या झाडाखाली पुरायची. बयाबाईला ते ठाऊक होतं. तरी पुढच्या सणाला पोळ्या यायच्या.

दोन हजार सहाच्या श्रावणात साळूच्या पोटात पाणी व्हायला लागलं. नारायणगावच्या दवाखान्यात ठेवली. डॉक्टरांनी हर्षालीला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत. ती गेली त्याच्या सहा दिवस आधीची ही गोष्ट.

मी खाली औषधं आणायला गेलो होतो. हर्षाली पोराला पाठवून द्यायला स्टँडवर गेली होती. वर आलो तर साळूच्या खाटेजवळ स्टुलावर बयाबाई बसलेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पिशवीतून थर्मास आणला होता. एका हातात कप, दुसऱ्या हातात चमचा. चमचा साळूच्या ओठांपाशी धरलेला.

माझे पाय दारातच थांबले. आत जावं तर काहीतरी मोडेल, न जावं तर साळू ओरडेल, उठायला बघेल, सुई निघेल. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "कोण गं ही?"

साळूनं कपाकडं बघितलं. मग चमच्याकडं. मग बयाबाईच्या मनगटाकडं, आणि तिथंच बघत राहिली. बयाबाई पी म्हणाली नाही, हात मागं घेतला नाही. चमच्यातला चहा थेंब थेंब चादरीवर सांडत होता. तिनं तो कपात ओतला, परत भरला, परत धरला. बाहेर दोन एसट्या हॉर्न वाजवून गेल्या.

साळूनं तोंड उघडलं.

अर्धा कप चमच्या-चमच्यानं संपला. बयाबाईनं पदरानं तिची हनुवटी पुसली, थर्मास पिशवीत घातला आणि दारातून जाताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "कप धुवून ठेवा, भाऊजी. उद्या नेते."

मी खाटेजवळ जाऊन बसलो.

"प्यालीस?"

"प्याले."

"भ्याव न्हाई वाटलं?"

"वाटलं की. घातलं असंलच तिनं काय तरी. ती काय मला सोडायची न्हाई."

"मग प्यालीस कशी?"

साळूनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग तशीच म्हणाली, "किती येळ हात धरून बसंल ती. तिचा बी कापतोय आता."

थोड्या वेळानं तिनं कूस बदलली.

"साखर लई घालती बया. पयल्यापासनंच."